चार बोल्टांची जागा

"मॅडम, और क्या देखना है? ज़ीरो मतलब ज़ीरो!"

कुणालजींनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर रंगीत खांब होते. मोल्डिंग, असेंब्ली, पेंट, स्टोअर, प्रत्येक डिपार्टमेंटचा एकेक. कामगारांनी किती सूचना दिल्या, किती तक्रारी केल्या, त्याची उंची. पॅकिंगच्या जागी मात्र नुसती जमीन.

"सीज़न सिर पर है," ते म्हणाले. "आप रिपोर्ट में बस इतना लिख दीजिए कि पैकिंग में सुपरवाइज़र की वजह से कम्युनिकेशन नहीं है. मैं रामकिशनजी को बस्सी के गोदाम भेज देता हूँ. इज़्ज़त से. तनख़्वाह वही रहेगी."

"मैंने तो पैकिंग में अभी पाँव भी नहीं रखा," मी म्हटलं.

"तो रख लीजिए. पर शनिवार तक फ़ैसला चाहिए."

कारखाना कूलरचा, कुणालजींच्या वडिलांनी काढलेला. सीकर रोडवरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात, ज्याला इथं सगळे व्हीकेआय म्हणतात. होळी झाली की राजस्थानात कूलरला मरण नसतं, त्यामुळे फेब्रुवारीपासूनच तिथं सगळ्यांची पळापळ चालू होती. त्या गडबडीत मला बोलावलं होतं कम्युनिकेशन ऑडिटला. म्हणजे काय, तर कंपनी जे सांगते ते खालपर्यंत पोचतं का, आणि खालचं वर येतं का, हे तपासायचं. हिशेबाचं ऑडिट पैशांचं असतं, माझं बोलण्याचं. साताऱ्याला सासूबाईंना हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बोलायचं पैसं मिळत्यात व्हय गं तुला? मग तू लवकर श्रीमंत होशील."

मला बोलावून घेणारा निखिल. तिथला एचआर एक्झिक्युटिव्ह, अकोल्याचा पोरगा. आमची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतली. आमचे मेजरसाहेब जयपूरला पोस्टिंगवर आले, त्यांच्यामागं मी पुण्यातली नोकरी सोडून आले आणि अशी सुटी कामं घ्यायला लागले. कॅबिनबाहेर पडल्यावर निखिलनं आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, "ताई, रामकिशनजी चांगला माणूस आहे हो. पण काय झालं ते मलेच समजून नाही राहिलं."

पॅकिंगचा हॉल मागच्या बाजूला. पत्र्याचं उंच छप्पर, दोन बाजूंना लांब टेबलं, त्यांवर ओळीनं बसलेल्या बायका. प्रत्येक कूलरबरोबर एक पिशवी जाते. तिच्यात चार चाकं, नॉब, नट-बोल्ट, पाण्याच्या पाइपाचा तुकडा. तिला किट म्हणतात. ही किटं भरायचं काम या बायकांचं. भरलेली पिशवी गरम पट्टीखाली सील होते आणि पट्ट्यावरून सरकत टोकाच्या नव्या मशीनमधून जाते. मशीन वजन बघतं. वजन कमी भरलं तर लाल दिवा लागतो, टीं टीं वाजतं, म्हणजे आत काहीतरी राहिलंय. दिसायला मशीन झकास होतं. काचेच्या पेटीत बसवलेलं, नवं कोरं.

तरी डीलरच्या तक्रारी येतच होत्या. जुन्या मॉडेलचा नॉब नव्या कूलरबरोबर. सील उघडलेली पिशवी. चाकं चारच, पण दोन वेगळ्या मापाची. वजन सगळ्याचं बरोबर, त्यामुळे मशीन बापडं गप्प. पण बायकांच्या तर हातातून सगळं जात होतं. त्यांना दिसत नव्हतं का? दिसत असेल तर बोलत का नव्हत्या? कुणालजींचं म्हणणं एवढंच होतं, की सुपरवाइजरला त्या घाबरतात.

रामकिशनजी दारातच भेटले. पन्नाशी ओलांडलेली, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट. मला बघून हात जोडले. "पधारो बाईसा." बाईसा म्हणजे आपल्याकडचं ताईसाहेब समजा. मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "कमी मेरी ही होगी. आप जो ठीक समझो, लिख दो."

या माणसाला बायका घाबरतात?

पण एक गोष्ट मी पाहिली. ते टेबलांच्या दिशेनं वळले की ओढण्या सरसर हनुवटीपर्यंत खाली यायच्या आणि हॉल चिडीचूप व्हायचा. ते बाहेर गेले की ओढण्या वर आणि कलकलाट सुरू. निखिल आत आला तेव्हा मात्र एकीचीही ओढणी हलली नाही. उलट एकजण त्याला म्हणाली, "भैया, शादी कब कर रहे हो?" बिचारा लाल झाला.

"निखिल, तुझ्यापुढं पडदा नाही आणि त्यांच्यापुढं आहे. असं का रे?"

"सगळ्या त्यायच्याच घरच्या आहेत ना ताई. सख्ख्या भावाची बायको, चुलतभावांच्या बायका, भावकीतल्या. एकाच ढाणीतून येतात सगळ्या. ते जेठ लागतात त्यायचे."

ढाणी म्हणजे शेतातली वस्ती, आणि जेठ म्हणजे थोरले दीर. इथल्या खेड्यांत सून जेठापुढं तोंड दाखवत नाही आणि त्याच्याशी शब्द बोलत नाही. तोही सुनेशी थेट बोलत नाही. घरात हे चालत असेल तर चालो, पण इथं तोच जेठ सुपरवाइजर आणि त्याच सुना त्याच्या हाताखाली. मी कपाळावर हात मारला. ऑर्गनायझेशन चार्टमध्ये सरळ रेघ काढलेली होती, खालून वर, आणि त्या रेघेवरून कुणी एक अक्षर नेऊ शकत नव्हतं!

"मग पहिल्यापासून हे असंच असणार," मी म्हटलं.

"नाही ना ताई! पहिले तर मस्त चालू होतं. दिवाळीपर्यंत पॅकिंगची एक तक्रार नव्हती. तेव्हाही हेच रामकिशनजी, ह्याच बाया. आता तुम्हीच सांगा, काऊन असं झालं?"

हे मात्र कोडं होतं.

आमच्या धंद्यात एक साधी तपासणी असते, ट्रेसर म्हणतात तिला. एक निरोप सोडायचा आणि तो कुठं अडकतो ते बघत बसायचं. प्लंबर गळती शोधायला रंगीत पाणी सोडतो तसं. आधी मी वरून खाली सोडला. उद्या टाकी धुणार आहेत, पिण्याचं पाणी घरून आणायचं, हे बायकांना सांगा, असं रामकिशनजींना म्हटलं. ते खांबाजवळ उभे राहिले, छताकडं बघितलं आणि छतालाच म्हणाले, "कल टंकी धुलेगी. पानी घर से लाना है." एवढंच. दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्यांच्या पिशवीत बाटली.

मग खालून वरचा. स्टोअरला सांगून जुन्या मॉडेलच्या नॉबांचा खोका मुद्दाम टेबलावर पाठवला. रामकिशनजींना माहीत नव्हतं, बायकांनाही नव्हतं. ती किटं बाहेर जाणार नाहीत याची निखिलनं सोय केली होती. मी कोपऱ्यात कागद चाळत बसले.

पहिल्या टेबलावर विमला बसते. रामकिशनजींच्या सख्ख्या धाकट्या भावाची बायको, चाळिशीची, धिप्पाड, सगळ्यांची म्होरकी. तिनं नॉब हातात घेतला आणि हात थांबला. शेजारणीला दाखवला. शेजारणीनं मान हलवली. दोन मिनिटांत अख्ख्या हॉलला कळलं की नॉब चुकीचे आहेत. रामकिशनजी चार पावलांवर उभे. विमलानं मान वर केली, हॉलच्या मधोमध कुठंतरी बघितलं, तिथं तर काहीच नव्हतं, आणि पुन्हा मान खाली घालून नॉब पिशवीत टाकला. मशीननं वजन बघितलं. हिरवा दिवा.

माझं डोकंच फिरलं. जेवणाच्या सुट्टीत मी विमलाला कॅन्टीनमध्ये गाठलं. "नॉब ग़लत था ना?"

"म्हानै कांई बेरो, मैडमजी," ती म्हणाली. म्हणजे आम्हाला काय माहीत.

"तुमने देखा. मैंने तुम्हें देखते देखा."

"सब बढ़िया है." आणि तिनं माझ्या ताटात आपल्या डब्यातली केर-सांगरीची भाजी वाढली. आता भाजी वाढणाऱ्या बाईशी भांडायचं तरी कसं? मी गपचूप खाल्ली. चांगली होती.

फीडबॅकचं ॲप होतं, पण फोन गेटवरच जमा करून घेत. तक्रारपेटी होती, ती रामकिशनजींच्या टेबलाशेजारी टांगलेली! ॲप दिवाळीनंतर आलं म्हणून आधी संशय ॲपवर गेला. पण ते सगळ्याच डिपार्टमेंटला होतं आणि बाकीच्यांचे खांब उभे होते. कॅन्टीनचा ठेकेदार बदलला होता. त्याचा आणि नॉबचा काय संबंध? शुक्रवार उजाडला तरी माझ्या हातात काही नव्हतं. खरं सांगायचं तर कुणालजींचं मला पटायला लागलं होतं. त्यांनी सांगितलेलं कारण चुकीचं, पण उपाय बरोबर. जेठ हलवला की अडसर हलला. रिपोर्टचं ते वाक्य मी मनात जुळवूनसुद्धा ठेवलं होतं.

त्या आठवड्यात आमच्या घरातलं कम्युनिकेशनही बंद होतं. मेजरसाहेबांनी मला न विचारता युनिटच्या फॅमिली कार्यक्रमाचं निवेदन माझ्या गळ्यात मारलं होतं. वर कमांडिंग ऑफिसरच्या बायकोला परस्पर सांगून मोकळे. विचारायचं नाही का? मी काय मायक्रोफोनचा स्टँड आहे? तेव्हापासून आमचा सगळा व्यवहार स्वरामार्फत चालला होता. स्वरा आमची लेक, अकरावीत. शुक्रवारी रात्री जेवतानाही तेच.

"स्वरा, बाबांना विचार, पोळी हवी का."

"स्वरा, मम्माला सांग, अर्धी."

स्वरानं चमचा आपटला. "मम्मा, हद है यार! तुम्ही दोघं इतके जवळ बसलाय, मतलब मी काय पोस्टमन आहे का? मी चालले." ताट उचलून ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

आम्ही दोघं समोरासमोर. मध्ये आमटीचं पातेलं. मग मेजरसाहेब खाकरले, स्वराच्या रिकाम्या खुर्चीकडं वळले आणि खुर्चीला म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे."

मीही खुर्चीकडं बघितलं. "असू दे म्हणावं. बीपीला चांगलं असतं."

मेजरसाहेब हसायला लागले. मी ओठ घट्ट मिटून धरले, हसायचं नाही म्हणून. आणि तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढं विमला आली. मान वर करून हॉलच्या मधोमध बघणारी. जिथं काहीच नव्हतं तिथं.

"अगं बाई!" मी ओरडलेच. "या खुर्चीसारखं काहीतरी होतं तिथं!"

"कुठं?" मेजरसाहेब चुकून थेट माझ्याशीच बोलले.

शनिवारी सकाळी मी हॉलमध्ये गेले ती खाली बघत. मधोमध सिमेंटचा चौकोन होता, बाकीच्या फरशीपेक्षा जरा काळपट. चार कोपऱ्यांत चार भोकं, बोल्टांची. चौकोन रिकामा होता, तरी जाता-येता बायका त्याला वळसा घालून जात होत्या. आठवडाभर मी ते बघत होते आणि मला ते दिसत नव्हतं.

"निखिल, इथं काय होतं रे?"

"इथं? जुना काटा होता ताई. वजनाचा. नवीन मशीन आली तेव्हा काढला दिवाळीनंतर. भंगारात असेल मागं."

विमला हात धुवायच्या नळावर भेटली. मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, "काँटा वापस लाऊँ क्या?"

तिनं माझ्याकडं बघितलं. आधी डोळे मोठे झाले, मग ती ओढणीत तोंड खुपसून अशी हसली, अशी हसली की बाकीच्या धावत आल्या. "मैडमजी नै बेरो पड़ग्यो!" ती त्यांना म्हणाली. मॅडमला कळलं. मग काय, सगळ्याच हसायला लागल्या.

त्यातूनच मला सगळं कळलं. जुन्या काट्याला घड्याळासारखी मोठी तबकडी होती. किट ठेवायचं आणि वजन मोठ्यानं वाचायचं, हा कंपनीचाच नियम. रामकिशनजी शेजारी उभे राहून ऐकायचे आणि टिपायचे.

"तो वज़न के पीछे-पीछे दो बात और बोल देते थे," विमला म्हणाली. "काँटा रे, आज नॉब पुराने आए हैं. काँटा रे, सीलवाली पट्टी गरम नहीं हो रही. हम तो काँटे से बोलते थे. जेठजी पास में खड़े हैं, अब उनके कान थोड़े ही बंद हैं!"

"और वो?"

"वो भी काँटे से कह देते. काँटा, कह दे पट्टी शाम तक बन जाएगी."

"तो अब दीवार से बोल दो. खंभे से बोल दो."

"दीवार से तो पागल बोलते हैं," ती गंभीरपणे म्हणाली. "काँटे से बोलना तो काम था."

"नई मशीन से?"

"वो तो खुद ही बोलती है. टीं टीं टीं. हमारी कब सुनेगी?"

"निखिल भैया को बता देतीं!"

यावर कुणी हसलं नाही. "भैया को बोलते तो जेठजी की शिकायत हो जाती," विमला म्हणाली. "फिर घर में क्या मुँह दिखाते?" मग तिनं विचारलं, "सुना है, बस्सी भेज रहे हैं उनको?"

मी खोटं बोलू शकले नाही.

"वो गए तो हम सब गए, मैडमजी. घर से निकलने ही इस बात पर देते हैं कि जेठजी साथ हैं. पहले मुझे लाए थे. सबने मना किया, ससुरजी ने, देवर ने. जेठजी बोले, मैं बैठा हूँ वहाँ." तिनं हातातल्या ग्लासाकडं बघितलं. "ब्याह के बाद मैंने ही सबको चाय पिलाई है. मुझे कोई चाय बनाके हाथ में देता है तो बस इस कैंटीन में."

स्पष्टच सांगते, हा घुंगट मला अजिबात आवडत नाही. पहिल्या दिवशी तो बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण मी मनात जुळवलेलं ते एक वाक्य रिपोर्टात गेलं असतं तर घुंगट गेला नसता, बायका गेल्या असत्या. पंधरा-वीसजणी ढाणीत परत, पुन्हा चुलीपुढं. आणि मी पुढच्या कंपनीत ऑडिटला गेले असते.

रामकिशनजींना मी बाजूला घेतलं. "आपने बताया क्यों नहीं?"

ते चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिले. "क्या बताता, बाईसा? कि मेरी बहुएँ तराज़ू से बात करती हैं और मैं खड़ा-खड़ा सुनता हूँ? कुणाल बाबू बच्चे थे तब से मैं यहाँ हूँ. हँसते मुझ पर."

"हँसने दो. आप बस्सी जाना चाहते हैं?"

त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

काटा पेंट शॉपच्या मागं सापडला. जुन्या पत्र्यांखाली, कबुतरांनी रंगवलेला. काचेला तडा गेला होता आणि काटा शून्यावर यायला तयार नव्हता. दोघा लोडरांनी तो आणून चौकोनावर उभा केला. विमला पुढं झाली आणि तिनं ओढणीच्या टोकानं तबकडी पुसली. मग मी कुणालजींना बोलावलं.

"मॅडम, ये तो वज़न भी ग़लत बता रहा है!"

"वज़न नई मशीन बताएगी. आप पाँच मिनट खड़े रहिए."

नॉबांचा तोच खोका मी पुन्हा टेबलावर पाठवला होता. रामकिशनजी काट्याच्या एका बाजूला, तोंड तबकडीकडं. विमला दुसऱ्या बाजूला, ओढणी हनुवटीपर्यंत. तिनं किट ठेवलं, काट्यानं दाखवलेलं अचाट वजन मोठ्यानं वाचलं, आणि मग म्हणाली, "और सुन रे काँटा, नॉब पुराने मॉडल के हैं. पूरा डिब्बा."

रामकिशनजी तबकडीला म्हणाले, "काँटा, कह दे अभी बदलवाता हूँ."

झालं. धरण फुटलं! पाठीमागं रांगच लागली. काँटा रे, दोन नंबरची सील पट्टी थंड आहे. काँटा रे, चाकांच्या एका पोत्यात दोन मापं येतायत, स्टोअरला सांग. काँटा रे, पंख्यानं स्टिकर उडतात, पंखा जरा वळव. दिवाळीपासून पोटात साठलेलं सगळं. रामकिशनजी एकेकीला, म्हणजे काट्याला, उत्तरं देत होते आणि टिपत होते. कुणालजींच्या हातातला लॅपटॉप तसाच उघडा राहिला होता.

मला वाटलं जिंकलो. कसलं काय!

"मान गया," कुणालजी म्हणाले. "काँटा रहेगा. पर मॅडम, ये भी तो देखिए, सामने सुननेवाला कोई बाहर का प्रोफ़ेशनल हो तो काँटे की भी ज़रूरत नहीं पड़ेगी. सीधी बात होगी. रामकिशनजी सोमवार से बस्सी. मैं ऑर्डर निकाल रहा हूँ."

हे ते सगळ्यांदेखत, मोठ्यानं म्हणाले. रामकिशनजींनी पेन खिशाला लावलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी विमला हलली.

तिनं ओढणी वर केली नाही. उलट आणखी खाली ओढली. ती काट्याजवळ गेली, त्यावर हात ठेवला, आणि मग काट्याला वळसा घालून पलीकडं गेली. थेट रामकिशनजींच्या पुढ्यात उभी राहिली. लग्न होऊन वीसेक वर्षं झालेली, नातवंडं होण्याच्या वयाला आलेली बाई, आणि आवाज असा थरथरत होता की माझ्या अंगावर काटा आला.

"जेठजी," ती म्हणाली, "थे कठैई मत जाज्यो."

तुम्ही कुठं जाऊ नका.

एका बाईनं तोंडावर हात ठेवला. रामकिशनजींचे कान लाल झाले. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही, बघणं त्यांना शक्यच नव्हतं. ते काट्याकडं वळले, त्याच्या तडा गेलेल्या काचेवर तळहात ठेवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काँटा, बहू नै कह दे. म्हैं कठै जाऊँ. अठै ही हूँ." मी कुठं जातोय, इथंच आहे.

मी रडले. लपवायचं कशाला? निखिल तर माझ्या आधी रडत होता.

कुणालजींची मान खाली गेली. कितीही एमबीए झाला तरी पोरगा जयपूरचाच. शेवटी माझ्याकडं न बघता पुटपुटले, "मेरी मम्मी ने ताऊजी से आज तक बात नहीं की." ताऊजी म्हणजे थोरले काका, आईचे जेठ. मग लॅपटॉप मिटला, काट्यापुढं जरा वाकले आणि म्हणाले, "काँटे, सबको बता दो. बस्सी कोई नहीं जा रहा."

बायका हसल्या. रामकिशनजींसमोर, मोठ्यानं.

सोमवारी काटा त्याच चार भोकांत, नवे बोल्ट घालून बसवला. नवं मशीनही राहिलं, वजन तेच बघतं. माझ्या रिपोर्टमध्ये प्रत्येक डिपार्टमेंटचं चॅनेल लिहायचं असतं, ईमेल, मीटिंग, नोटीस बोर्ड वगैरे. पॅकिंगपुढं मी लिहिलं: वजनकाटा, जुना, उत्तम चालू, हलवू नये. शिवाय एक सूचना केली. काही गोष्टी काट्यालाही सांगता येत नाहीत. म्हणून निखिलनं एचआरमध्ये एक मुलगी घेतली. ती अधूनमधून कॅन्टीनमध्ये बायकांबरोबर चहा प्यायला बसते. तिला त्यांनी पहिल्यांदा काय सांगितलं? बायकांच्या बाथरूमची कडी मोडलीय. कधीपासून, तर काटा होता तेव्हापासून. कडी त्याच दिवशी लागली.

पॅकिंगच्या तक्रारी आटल्या. ॲपवर मात्र पॅकिंगचा खांब अजून जमिनीवरच आहे. कुणालजी आता तो कुणाला दाखवत नाहीत.

युनिटच्या कार्यक्रमाचं निवेदन मी केलं, आणि चांगलं केलं. पण आधी मेजरसाहेबांना बजावलं, पुढच्या वेळी मला विचारायचं. हे खुर्चीला नाही, त्यांनाच सांगितलं.

धडा म्हणाल तर एवढाच. पूर्वी ऑडिटला गेले की मी विचारायची, तुमच्याकडं नवीन काय बसवता येईल? आता आधी विचारते, इथून अलीकडं काय उचललंत?

उन्हाळा संपताना मी सहज कारखान्यात गेले होते. काट्यापुढं रांग होती, ओढण्या खाली होत्या, सगळं कसं रीतसर चाललं होतं. विमलानं मला कॅन्टीनमध्ये नेलं, दुसऱ्यानं केलेला चहा दोघींनी घेतला. मी तिला चिडवलं, "उस दिन तो सीधा बोल दिया था जेठजी से. अब फिर काँटा?"

"उस दिन ज़रूरी था," ती म्हणाली. "अब रोज़-रोज़ बेचारे को क्यों डराऊँ?"